वाक्य पूर्ण होईपर्यंत

“मी ही खोली सोडणार नाही. मला आहे तिथेच राहू द्या,” असं म्हणून थोरली जिन्याच्या खालच्या पायरीवरच टेकली.

“घ्या. आईच नको म्हणते.” भाऊजींनी, तिच्या धाकट्या दिरानं, दोन्ही हात वर केले. “मी मघापासून वेगळं काय सांगतोय?”

“तू तिला विचारलंस तरी कसं?” थोरलीचा नवरा बायकोवरच खेकसला. “जरा गोडीनं विचारायचं. तू आपली टपालवाल्यासारखी जातेस आणि येतेस.”

थोरलीनं गुडघे चोळले. सकाळी ट्रे वर नेला होता, ट्रे खाली आणला होता. आता निरोप वर नेला, निरोप खाली आणला. तिच्या गुडघ्यांना ट्रे आणि निरोप यांतला फरक कळत नव्हता.

एखाद्या नवख्याला हे भांडण ऐकून वाटलं असतं की खोली थोरलीची आहे आणि हट्टालाही तीच पेटली आहे. पाण्याचा पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाला एकदा तसं वाटलंच होतं. “राहू द्या की हो बाईंना त्यांच्या खोलीत,” असं तो हातात पाना धरून कळवळून म्हणाला होता. खोली सासूबाईंची होती आणि बोलणंही सासूबाईंचं. थोरली ते फक्त वरून खाली आणत होती, आणि आणताना ‘आई म्हणतात’ वगैरे न जोडता सरळ ‘मी’ म्हणत होती, कारण तिचा धंदाच तो होता. थोरली दुभाषी होती.

सगळ्या जगाच्या शांततेची आणि सुरक्षिततेची काळजी वाहणाऱ्या एका मोठ्या संस्थेत तिची नोकरी होती. सभागृहाच्या भिंतीत बसवलेल्या काचेच्या खोपट्यात बसायचं, कानात एक भाषा ऐकायची आणि त्याच वेळी तोंडानं दुसरी बोलायची. तिथला पहिला धडा असा, की बोलणारा ‘मी’ म्हणाला की तुम्हीही ‘मी’ म्हणायचं. स्वतःचा जो काही मी असेल तो दाराबाहेर, छत्रीच्या शेजारी ठेवून आत यायचं. इतक्या वर्षांत थोरलीनं ‘मी’ होऊन निषेध नोंदवले, युद्धांची कारणं दिली, युद्धबंदीचं स्वागत केलं, यजमानांचे आभार मानले, आणि संध्याकाळी बसची वाट बघत उभं राहून घरी कोणती भाजी शिल्लक आहे याचा विचार केला.

तसा हा धंदा तिला लहानपणीच लागला होता. तिच्या आईची भाषा एक आणि आजीची दुसरी. दोघी एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींचं अवाक्षर न कळणाऱ्या. मधे ही, दोन वेण्यांची. आजी म्हणायची, तुझ्या आईला सांग, पातेलं असं घासतात होय. ही आईला सांगायची, आजी म्हणते पातेलं छान चकचकीत झालंय. पुढे दुभाष्याचं काम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच वर्षी तिची ही गाळण काढून घेतली. बोलणारा जे बोलला तेच, त्यात मीठ नको आणि साखरही नको, असं त्यांनी घोटवून घेतलं, आणि थोरलीनं ते आजतागायत पाळलं. त्याचा तिला थोडा अभिमानही होता. थकल्याभागल्या माणसाला जेवढा परवडतो तेवढा.

सासूबाईंना झटका येऊन आता बरीच वर्षं झाली होती. हातपाय बऱ्यापैकी सावरले, जीभ सावरली नाही. शब्द यायचे, पण एकेक, आणि दोन शब्दांच्या मधे इतकी जागा सुटायची की ऐकणाऱ्याला वाटावं, संपलं. तोंड एका बाजूला ओढलेलं. मुलांचं आईवर प्रेम नव्हतं असं नाही. ते वर जायचे, पायाशी बसायचे, “बरं आहे ना?” विचारायचे, आणि आईचा दुसरा शब्द यायच्या आत “हो हो, कळलं” म्हणून उठायचे. थोरलीला मात्र तुटक बोलणाऱ्यांची सवय होती. तिनं आईंचं बोलणं लावून घेतलं आणि मग ते काम तिच्याकडेच राहिलं. घरात एखादं काम एकदा चांगलं केलं की त्याची बदली होत नाही.

भांडणाचं कारण साधं होतं. आईंना खाली आणायचं. वरची खोली म्हणजे अरुंद जिना, मधे वळण, वळणावर अंधार. डॉक्टरांकडे न्यायचं तर दोन माणसं बोलावून खुर्चीसकट उचलावं लागे. थोरलीच्या नवऱ्याचं म्हणणं होतं, की भाऊजींनी रस्त्याकडची पुढची खोली आईंना द्यावी आणि आपलं ऑफिस वर न्यावं. भाऊजी लोकांना भाड्याची घरं मिळवून द्यायचे. त्यांचं म्हणणं, घर शोधून दमलेलं गिऱ्हाईक आणखी एक जिना चढणार नाही. पण एवढंही त्यांना बोलावं लागत नसे. विषय निघाला की थोरली वर जायची, खाली यायची, आणि आईंचा नकार परस्पर त्यांचं काम करून टाकायचा.

कारण या घरात एक नियम होता. सासऱ्यांनी जाण्याआधी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून तो घालून दिला होता. घराबद्दलचं काहीही असो, आई आणि दोन मुलगे यांचं एकमत हवं. तिघांतल्या एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय बंद. सुनांनी बसावं, बोलावं, पण त्यांचं मत मोजायचं नाही. हेतू चांगला होता, भावांनी भांडून घर फुंकू नये एवढाच. तो साधला. घर तसंच राहिलं. म्हणजे न्हाणीघराची फुटकी फरशी, जिन्याचा एकाच बाजूचा कठडा, फाटकाचा उडालेला रंग, सगळंच तसंच राहिलं. फाटक हिरवं करायचं की तपकिरी, यावर एकमत न झाल्यानं ते गंजाच्या रंगाचं झालं होतं.

“आपण दोघी म्हणजे चहाच्या वेळेपुरत्या सभासद,” धाकटी म्हणायची. धाकटी ही भाऊजींची बायको, शाळेच्या कार्यालयात कामाला, जिभेला धार. त्या दिवशीही तिनं कप गोळा करता करता विचारलं, झाली का बैठक, की अजून कुणाचं नाही म्हणायचं राहिलंय.

थोरलीला या सगळ्याचं पूर्वी हसू यायचं. कारण ऑफिसातही तिच्या वाट्याला नेमकं हेच आलं होतं. संस्थेच्या मुख्य परिषदेत काही देशांच्या खुर्च्या कायमच्या होत्या. फार पूर्वी एक मोठं युद्ध संपलं तेव्हा जे जिंकून उभे होते, ते बसले ते बसलेच. त्यांच्यातल्या एकानं नाही म्हटलं की विषय बंद. बाकीचे देश आळीपाळीनं येऊन टेकायचे आणि मुदत संपली की उठायचे. ही रचना बदलावी, खुर्च्या वाढवाव्यात, एका नकारानं सगळं अडू नये, यासाठी एक समिती नेमलेली होती, आणि थोरली नवीन होती तेव्हापासून या समितीचं गुऱ्हाळ तिच्या कानात चालू होतं. सुधारणा हवी यावर सगळ्यांचं एकमत. कोणाला खुर्ची द्यायची इथे घोडं अडायचं. जो देश पुढे येई त्याचा शेजारी विरोधात उभा राही. एका अख्ख्या खंडाला एकही कायमची खुर्ची नाही याचं सगळ्यांना वाईट वाटे, आणि वाईट वाटून झालं की मधली सुट्टी होई. इतकी वर्षं बोलून कुणी साधा मसुदा लिहायला घेतला नव्हता, कारण लिहायला घेणं म्हणजेच घाई, असं काहींचं मत होतं.

घर आणि ऑफिस यांतला हा सारखेपणा तिनं सुरुवातीला नवऱ्याला मोठ्या गमतीनं सांगितला होता. तो चष्म्याच्या दुकानातून नुकताच आलेला, पाय धूत होता. म्हणाला, “बाबांची आणि त्या लोकांची तुलना करू नकोस.” मग तिनं परत कधी काढलं नाही.

जिन्यावरच्या त्या भांडणानंतरच्या आठवड्यात समितीची बैठक होती. खोपट्यात दोघं असतात, एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, आकडे लिहून देतो, पाणी सरकवतो. थोरलीचा जोडीदार म्हणजे निवृत्तीला आलेला एक सडपातळ गृहस्थ. त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण तो दुसऱ्याचं बोलणं चालू असताना पेन्सिलनं हवेत चुका काढायचा. दोघांनी मिळून प्रतिनिधींना नावं ठेवली होती. कायमच्या खुर्चीवाल्या एका देशाचे उंच, करड्या भुवयांचे प्रतिनिधी होते, त्यांचं नाव तत्त्वतःसाहेब. त्यांचं भाषण नेहमी ‘तत्त्वतः आमचा विरोध नाही’ इथून सुरू व्हायचं आणि कुठे संपायचं ते खोपट्यातल्या खुर्चीलाही पाठ झालं होतं. शेवटच्या रांगेत एका छोट्या बेटाच्या प्रतिनिधी बसायच्या, टोपीवाल्या बाई. वातानुकूलनाच्या गारव्यानं त्यांचं डोकं धरायचं, म्हणून लोकरी टोपी घालून यायच्या. त्यांच्या बेटाला कधी खुर्ची मिळेल अशी त्यांचीही कल्पना नव्हती. निदान कोणी नाही म्हणायचं याचे काही नियम तरी असावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं आणि ते त्या दर वर्षी न चिडता मांडायच्या. त्यांना तत्त्वतःसाहेबांची भाषा येत नव्हती. त्या थोरलीच्या आवाजात त्यांना ऐकायच्या.

त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तत्त्वतःसाहेबांची पाळी आली. थोरलीनं माइक सुरू केला. “तत्त्वतः आमचा विस्ताराला विरोध नाही,” ती म्हणाली. “आम्ही सर्वांचं म्हणणं आदरानं ऐकलं आहे.” आवाज आपोआप त्या पट्टीत गेला. आईंच्या गोळ्या संपल्या होत्या, येताना घ्यायला हव्यात. धाकटीला सांगितलं तर ती आणेल, पण मग धाकटी आठवडाभर ऐकवेल. “तथापि, या टप्प्यावर,” साहेब म्हणाले, आणि थोरलीच्या तोंडून पुढचं वाक्य निघून गेलं. “तथापि, या टप्प्यावर मसुदा लिहायला घेणं आम्हाला घाईचं वाटतं.” ते इतक्या सफाईनं निघालं की साहेबांचं खरं वाक्य त्याच्याखालून वाहून गेलं ते तिला कळलंच नाही.

मास्तरांनी तिचा दंड धरला. दुसऱ्या हातानं कागदावर लिहिलं, ‘तो हो म्हणाला.’

साहेब म्हणाले होते, की या टप्प्यावर एखादा मसुदा समोर ठेवला गेला तर आम्ही तो बघायला तयार आहोत.

खोपट्यात अशा वेळेसाठी एक रीत आहे. दुभाषी दिवसभर दुसऱ्याचा ‘मी’ असतो, पण चूक झाली की तेवढ्यापुरता त्याला स्वतःच्या नावानं बोलावं लागतं. “दुभाष्याची दुरुस्ती,” थोरली म्हणाली. तिनं खरं वाक्य सांगितलं. सभागृहात दोन-चार माना वर झाल्या. काचेतून तिची नजर मागच्या रांगेकडे गेली. टोपीवाल्या बाईंनी ते जुनं वाक्य ऐकल्याबरोबर कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं, पिशवी खांद्याला लावली होती, आणि दुरुस्ती झाली तेव्हा त्या दरवाज्यात पोचल्या होत्या.

पाळी बदलल्यावर थोरली बाहेर पडली. दुभाष्यांनी प्रतिनिधींशी भाषणांबद्दल बोलू नये असा संकेत आहे. तो तिनं कधी मोडला नव्हता. बाई पॅसेजच्या टोकाला, खिडकीपाशी, टोपी काढून बसल्या होत्या. थोरलीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, की मी चुकीचं बोलले, ते नाही म्हणालेच नव्हते.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमची चूक निम्मी. मी तरी कुठे थांबले शेवटपर्यंत? तो काय बोलणार ते आपल्या दोघींना माहीतच होतं.”

त्या परत आत गेल्या. थोरलीला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. विभागप्रमुखांनीही फार ताणलं नाही. होतं असं, म्हणाले, आणि त्यात आनंद मानू नका, उद्या ते साहेब सांगतील की बघायला तयार म्हणजे चर्चेला तयार नव्हे. त्यांचं बरोबरही असेल. मसुदा आला तर त्याला मसुदा म्हणायचं की टिपण म्हणायचं यावरच वर्ष जाईल, हे थोरलीलाही दिसत होतं. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या डोक्यात साहेब नव्हते, परिषदही नव्हती. कानात कुणाचं तरी वाक्य अर्ध्यावर थांबलं होतं आणि ते कुणाचं ते तिला कळायला तिसरा थांबा यावा लागला.

घरी आल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली, चहा केला आणि ट्रे घेऊन वर गेली. आई खिडकीशी बसल्या होत्या. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची आणि भिंतीवरचा एक पाइप. तिनं येताना आणलेल्या गोळ्या दिल्या, उशी मागे सरकवली. मग नेहमी उभ्यानं विचारायची ते आज स्टूल ओढून बसून विचारलं.

“आई, खाली यायचं का?”

आईंनी तिच्याकडे पाहिलं. “मला,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ नुसता श्वास. “खाली.” ओठ जुळायला धडपडले. “नको.”

इथे थोरली उठायची. गेली कित्येक वर्षं ती इथेच उठत होती. पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा वाक्य खरंच इथे संपलं होतं, आईंनी वर हात उडवून तोंड फिरवलं होतं. त्यानंतर पुन्हा पुन्हा विचारणं झालं ते जिन्यात एक पाय ठेवून. ‘नको’ आलं की उरलेलं तिच्याकडे तयार असायचं. मी ही खोली सोडणार नाही, मला आहे तिथेच राहू द्या. छान, गोळीबंद वाक्य होतं. ऐकणाऱ्याला पुढे काही विचारायची सोय ठेवत नव्हतं.

आज ती बसून राहिली. गुडघे दुखत होते, खाली कुकर लावायचा होता. समोरच्या पाइपावरून एक मांजर गेलं. आईंनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं, जणू ही अजून का गेली नाही याचा त्यांना अंदाज लागेना.

“पुढे,” त्या म्हणाल्या. “लोक... येतात.” डावा हात हळूहळू वर आला आणि वाकड्या झालेल्या ओठाला लागला. “हे... बघतात.” पुन्हा मोठी जागा. थोरलीनं ओठ घट्ट मिटून धरले होते, कारण पुढचा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता, आणि तो बरोबर असेलच याची आता तिला खात्री राहिली नव्हती. “मागे... दे. मागे... अंगण... आहे. मागे... येते.”

मग थोरलीनं जे विचारायला नको होतं तेच विचारलं. “हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं,” आई म्हणाल्या. चहावर साय धरली. “तू... जिन्यात... होतीस.”

थोरलीनं कप हातात घेतला, साय बोटानं काढली, कप परत ठेवला. आईंच्या चेहऱ्याची चांगली बाजू जराशी हसली.

“तुझं... वाक्य... बरं असतं,” त्या म्हणाल्या. “माझ्यापेक्षा.” आणि थोरली उठायला लागली तेव्हा, तिच्या पदराला धरून, “पण मी... एवढी... हट्टी... नाही.”

जेवणं झाली तेव्हा अजून बाहेर उजेड होता. टेबलाशी चौघं होती, भाऊजी दात कोरत, नवरा बोटानं ताटातली शितं गोळा करत, धाकटी फोनमध्ये. थोरली म्हणाली, आईंना खाली यायचंय. त्यांना पुढची खोली नकोय, तिथे परकी माणसं येतात, त्यांच्यासमोर त्यांना आपलं तोंड न्यायचं नाही. मागची खोली दिली तर त्या येतात. हे सगळं तिनं ‘आई म्हणतात’ असं म्हणून सांगितलं. ‘मी’ म्हणाली नाही. धाकटीनं फोन उलटा ठेवला.

मागची खोली थोरलीच्या नवऱ्याची होती. म्हणजे कागदोपत्री नव्हे, वापरानं. दुकानातल्या जुन्या चष्म्यांच्या फ्रेमची खोकी, वडिलांच्या काळातलं डोळे तपासायचं बिघडलेलं यंत्र, खोललेले रेडिओ, आणि या सगळ्याच्या मधे एक आरामखुर्ची. दुपारी दुकान बंद करून तो तिथे दार लावून पडायचा. त्याच्या अख्ख्या दिवसात त्याला कुणी काही न विचारणारी तेवढी एकच जागा होती, आणि थोरलीनं इतकी वर्षं ती सांभाळली होती, पाहुणे आले तरी तिकडे जाऊ दिले नव्हते.

भाऊजींचा चेहरा मात्र उजळला. आईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, ते म्हणाले. आपण तिची सोय बघायची, आपली नाही. दादानं तर हे कधीपासून लावून धरलं होतं, दादाच्या मनासारखं झालं याचा त्यांना फार आनंद वाटत होता. पुढची खोली वाचल्याचा आनंद त्यांनी पाण्याबरोबर गिळला, तरी तो घशाशी दिसत होता.

“माझी काही हरकत नाही,” नवरा म्हणाला. “मीच तर म्हणत होतो तिला खाली आणा म्हणून.”

थोरलीला पुढचं सगळं ऐकू यायला लागलं. आणि तरी ती शेवटपर्यंत ऐकायचं ठरवूनच बसली होती. नवऱ्यानंही कुणी मधे तोडत नाही हे बघून सावकाश घेतलं. मागच्या खोलीला ओल आहे. अंगणात मोरीचा वास येतो. पहाटे तिथे गारठा असतो, आईची छाती नाजूक. यंत्राला धक्का लागला तर ते कायमचं जाईल, आणि ते बाबांचं आहे. खोकी ठेवायची कुठे. घाईनं करण्यासारखं हे काम नाही. पुढच्या वर्षी रंगकाम निघेल तेव्हा बघता येईल.

तो बोलत होता तोवर थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, शर्टाच्या खिशाला दुकानातल्या पॉलिशचा डाग होता. खोटं काही बोलत नव्हता. ओल होती, वासही येत होता. आणि वाक्य संपलं ते तिच्या अंदाजाप्रमाणेच संपलं. म्हणजे हा एक अंदाज तरी बरोबर होता.

“म्हणजे तुमचं नाही,” ती म्हणाली.

“नाही असं नाही.”

“मग हो?”

“आत्ता नाही.”

“झालं,” धाकटी म्हणाली. “विषय बंद. मी कप उचलू?”

नवऱ्याला ते लागलं. तो थोरलीकडे वळला. “आणि काय गं, इतकी वर्षं तूच वरून येऊन सांगत होतीस ना? मी खोली सोडणार नाही, मी खोली सोडणार नाही. घसा कोरडा करून. आज एकदम आईला अंगण आठवलं?”

“त्यांना आधीच आठवलं होतं,” थोरली म्हणाली. “मी चुकीचं सांगत आले. त्या पुढे बोलत होत्या, मी थांबले नाही.”

भाऊजींनी काडी ताटात ठेवली. एवढ्या वर्षांत थोरलीच्या सांगण्यावर या घरात कुणी शंका घेतली नव्हती. नवरा तिच्यावर ओरडायचा, पण आई तसंच म्हणाली असणार हे धरून. वर जाऊन बसणं आणि ऐकणं यापेक्षा ते सोपं होतं, हे बहुधा दोघा भावांच्या एकाच वेळी ध्यानात आलं, कारण दोघांनी एकदम छताकडे पाहिलं.

“बरं, मग उद्या परत एकदा नीट विचार तिला,” नवरा जरा नरमाईनं म्हणाला. “मागची का, पुढची का. ओल आहे म्हणावं. मग बसू आपण.”

थोरली उठली. ताटं एकात एक ठेवली, वर वाटी ठेवली. आवाज चढवायची तिच्यात ताकद नव्हती, आणि गरजही वाटली नाही.

“या टेबलाशी माझं मत मोजत नाहीत, म्हणून मी मत देत नाहीये. सांगतेय. रविवारी मागची खोली रिकामी होईल आणि आई खाली येतील. खोकी कुठे ठेवायची ते तुम्ही एकमतानं ठरवा. ठरेपर्यंत ती पुढच्या खोलीत, ऑफिसात राहतील. आणि उद्यापासून आईंचं बोलणं मी कुणाला सांगणार नाही. ज्याला हवं असेल त्यानं त्यांच्यापाशी बसून ऐकावं.”